आमच्या घरातलं मत परत द्या

दार उघडणारा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही, पिशवीकडे बघायचा. पिशवीतून पोलिओचा डबा निघतो, बचत गटाची वही निघते की लाइट तोडायची नोटीस, याचा अंदाज घेऊन मग तो आपला चेहरा ठरवायचा. माझ्या पिशवीतून निघायचे छापील कागद आणि कागदावर प्रश्न. काहीच द्यायचं नाही, काहीच न्यायचं नाही, नुसतं विचारायचं, हे लोकांच्या गळी उतरवण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

सव्वीस वर्षं मी सर्वे केले. साबण कुठला वापरता, चहापत्ती सुटी घेता की पुड्यातली, टीव्हीवर काय बघता, आणि निवडणूक आली की कुणाला निवडून द्याल. उमरग्यात मला अजून सर्वेबाईच म्हणतात. आमचे हे म्हणायचे, ही घरात कुणाला न विचारता सगळं ठरवते आणि गावभर लोकांना विचारत फिरते. आता गुडघ्यांनी सांगितलं तेव्हा पिशवी खुंटीला लावली आहे.

पेपरात जनतेचा कौल म्हणून रंगीत आकडे येतात, ते कुठून येतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. अडत बाजारात पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर तूर बाहेर काढतात आणि त्यावर सगळ्या पोत्याची पारख करतात, तसंच आमचं काम. फक्त नळी आतपर्यंत गेली पाहिजे. वरची मूठ उचलली तर फसगत ठरलेली, कारण चांगला माल वर ठेवायची रीत सगळीकडे आहे. गावातला वरचा माल म्हणजे पारावर बसलेली पुरुषमंडळी. तुम्ही न विचारताही ते सांगतात, आणि गाव काय म्हणतंय तेही तेच सांगतात. म्हणून आम्हाला नियम घालून दिलेले असायचे. शाळेपासून सुरुवात करायची, उजवा हात धरून चालायचं, दर पाचवं घर घ्यायचं. आपल्या मनाने घर निवडायचं नाही आणि घरातला माणूस तर नाहीच नाही.

माणूस निवडायचा नियम मोठा गमतीचा. घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला, त्यालाच प्रश्न विचारायचे. ज्याने हा नियम काढला त्याने आमचा धाराशिव जिल्हा पाहिलेला नसावा. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सरसकट एक जून लावलेला. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांना आधार कार्डाने एक जानेवारी बहाल केली. आजोबा एक जून, आजी एक जानेवारी, थोरला एक जून, धाकटा एक जून. मग आमच्यातले बरेच जण काय करायचे, तर ओट्यावर जो बसला असेल त्याचाच वाढदिवस अलीकडचा समजून मोकळे व्हायचे. मीही तसं केलं आहे, खोटं कशाला बोलू.

माणसाचं मत बनतं कसं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका खताच्या दुकानदाराने थोडंफार शिकवलं. तो दर प्रश्नाला आधी मलाच विचारायचा, बाकीचे काय म्हणाले? मी म्हटलं, ते सांगता येत नाही, तुमचं सांगा. तर म्हणाला, बाई, मला काय एकट्याला वेगळं सांगायची हौस न्हाय, जो येनार त्यालाच द्यायचं, उगं मत वाया कशाला घालवायचं? त्या दिवशी मला वाटलं की सगळेच जण जर बाकीचे काय म्हणाले असं विचारायला लागले, तर पहिलं सांगणारा कोण? पुढे कळलं की तो पहिला माणूस गाडीतून येतो, त्याच्या मागे चार गाड्या असतात.

पण आमच्या धंद्यातली खरी अडचण शब्दाची होती. मराठीत मत एकच. मनातलं तेही मत आणि मशिनचं बटण दाबून दिलेलं तेही मत. पुण्याच्या ऑफिसातून आलेल्या कागदावर छापलेलं असायचं, ‘याविषयी आपले मत द्यावे.’ असं वाचलं की म्हाताऱ्या बायका पदर सावरून म्हणायच्या, मत असं दारात देत्यात व्हय? ते गुप्त असतंय. मी मग छापील वाक्य सोडून सरळ विचारायची, तुम्हाला काय वाटतं? कागदाशी थोडी बेइमानी व्हायची, पण उत्तर मिळायचं. हा शब्द एक दिवस माझ्याच अंगावर येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

विधानसभेच्या एका निवडणुकीआधीची गोष्ट. मुरुमच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेलं एक गाव माझ्या वाट्याला आलं. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच. त्या बाजूला निम्मं बोलणं कानडीत चालतं. पाचवं घर निघालं गुरप्पा अण्णांचं. वय साठीच्या पुढचं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरीशुभ्र बंडी. दारातल्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरात रंगवलेलं, ‘ट्रॅक्टर भाड्याने मिळेल’, आणि खाली मोबाइल नंबर. गावातल्या एका गटाचे ते जुने कार्यकर्ते. मी आत पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी उत्तर सांगून टाकलं. म्हणाले, लिवा, आमच्या घरात सात मतं हायेत आणि साती एकाच जागी पडत्यात.

मी वाढदिवसांची चौकशी केली. अण्णा एक जून. त्यांची बायको एक जानेवारी. भाऊ, भावजय, पुतण्या सगळे जूनच्याच पेठेतले. मुलगा पुण्यात कंपनीत. राहिली सून, महादेवी. ती उमरग्याच्या दवाखान्यात जन्मलेली, तिच्याजवळ खरा दाखला होता आणि वाढदिवस होऊन महिनाही झाला नव्हता. मी म्हटलं, अण्णा, मला तुमच्या सूनबाईंशी बोलावं लागेल, आणि एकटीशी.

अण्णांना ते रुचलं नाही. तिला काय कळतंय, ती चार वर्षांमागं आली या घरात, माझंच लिवून घ्या, असं म्हणत राहिले. मी नियमाचा कागद दाखवला. छापील कागदापुढे आमच्याकडे लोक अजून मान तुकवतात. ते पायात चपला सरकवून गोठ्याकडे गेले.

महादेवी चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत होती. बारावी झालेली, चोवीस-पंचविशीची, बोलायला मोजकी. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही. तिने सासऱ्यांचं विचारलं, मामांना पण न्हाय? मी म्हटलं, मामांना तर नाहीच. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि मग दुसऱ्या बाजूच्या उमेदवाराचं नाव घेतलं.

कारण विचारायचं कागदावर होतंच. ती म्हणाली, “मामांचे पुढारी आमच्याकडं जेवायला आलते. मी आत व्हते, पोळ्या करत. त्येनी बोलताना आमच्या गावाचं नाव चुकवलं, शेजारच्या गावाचं घेतलं. एकदा न्हाय, दोनदा. तिथं वीस माणसं बसलती, कुनी सुधारलं न्हाय. दवाखाना आणतो म्हनले त्यो पण त्या शेजारच्या गावालाच.” मी विचारलं, मग दुसरे चांगले आहेत का? ती हसली. म्हणाली, ते पण तसलेच असतील, पर त्येंनी अजून आमच्यात जेवून गावाचं नाव चुकवलं न्हाय.

सव्वीस वर्षांत मी हजारो उत्तरं लिहिली, त्यात ज्यांना खरंच उत्तर म्हणावं अशी थोडी. हे त्यातलं एक. कुणाचं ऐकून बनलेलं नव्हतं. स्वयंपाकघरात बसून, कान देऊन, तिचं तिने बनवलेलं होतं. मी खूश होऊन फॉर्मवर खूण केली.

शेवटच्या रकान्यात फोन नंबर लिहायचा असतो. तिचा मोबाइल आत चार्जिंगला होता, तेवढ्यात तिची लेक उठून रडायला लागली म्हणून ती खोलीत गेली. मला पुढची घरं गाठायची होती. बाहेर पडताना भिंतीवरचा ट्रॅक्टरचा नंबर दिसला आणि मी तोच उतरवून घेतला. पाच मिनिटं थांबले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

नंबर कशाला घेतात, तर आमच्यावर पाळत म्हणून. सर्वेवाली खरंच घरी आली होती की झाडाखाली बसून फॉर्म भरले, हे तपासायला ऑफिसातून काही घरांना फोन जातो. फोन करणाऱ्याने एवढंच विचारायचं असतं, बाई आल्या होत्या का आणि किती वेळ बसल्या. त्या वेळी फोनवर बसलेली मुलगी नवीन होती. फॉर्मचे फोटो मी रोज पाठवायची, त्यावरून ती अथपासून इतिपर्यंत वाचत सुटली. ट्रॅक्टरच्या नंबरवर अण्णांनी फोन उचलला आणि तिने शुद्ध मराठीत विचारलं की आपल्या घरातील महादेवी यांनी अमुक उमेदवाराला मत दिल्याची आमच्याकडे नोंद आहे, ती बरोबर आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरप्पा अण्णा सर्वेबाईचं घर विचारत माझ्या दारात. मुरुमहून जीपने आले होते, डोक्यावर स्वच्छ टोपी, जणू तहसीलात काम आहे. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. म्हणाले, “बाई, आमच्या घरातलं मत परत द्या.”

आधी मला कळेना. मग त्यांनी फोनचं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. मी त्यांना समजावलं की हे मतदान नाही, मतदानाला अजून तीन आठवडे आहेत, सूनबाईंनी नुसतं काय वाटतं ते सांगितलंय. पण मत दिल्याची नोंद हे शब्द त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. कागदावर आलं म्हंजी गेलं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय दुसरीही भीती होती. त्यांनी पुढाऱ्याला सात मतांचा शब्द दिलेला. ना मातु कोट्टीनी, असं ते कानडीत म्हणाले, मी शब्द देऊन बसलोय. आता हा कागद त्या पुढाऱ्याच्या हातात गेला तर या वयात तोंड कुठं दाखवू, असं त्यांनी विचारलं.

सर्वे कुणी करवून घेतलाय ते आम्हाला कधी सांगत नाहीत. कदाचित त्यांच्याच पुढाऱ्याने करवून घेतला असेल. अडाणी समजून मी ज्यांना समजावत होते, त्यांची शंका माझ्या समजावण्यापेक्षा शहाणी होती.

पण मला काळजी होती ती महादेवीची. नवरा पुण्यात, घरात येऊन चारच वर्षं झालेली सून, आणि तिचं उत्तर थेट सासऱ्याच्या कानावर. हिला घरात काय ऐकावं लागलं असेल या विचाराने मी घाबरले, आणि घाबरलेलं माणूस दयाळू व्हायला जातं तेव्हा काहीतरी बिघडवतं. मूळ फॉर्म माझ्याकडेच होते, आठवड्याने पार्सल करायचे. मी गठ्ठ्यातून तिचा काढला, लाल पेनाने खूण खोडली, आणि सगळ्यात खालचा चौकोन असतो, ‘सांगता येत नाही’ असा, त्यात नवी खूण केली. अण्णांच्या समोर ठेवला. म्हटलं, अण्णा, माझीच चूक. दुसऱ्या घरातली खूण चुकून इथं पडली. सूनबाईंनी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

त्यांनी कागद जवळ नेला, लांब धरला. म्हणाले, “म्हंजी तिनं काय सांगितलंच न्हाय?”

“नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

ते समाधानाने निघतील असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. तांब्यातलं पाणी एका दमात प्यायले आणि राम राम न करताच गेले. मी मात्र ऑफिसला चूक कळवली, दुरुस्त फोटो पाठवला आणि एका पोरीचा संसार सावरला म्हणून त्या दिवशी हौसेने शेंगदाण्याची पोळी केली.

आठ दिवसांनी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. महादेवी होती. नंबर तिने माझ्या ओळखपत्राच्या झेरॉक्सवरून घेतला होता, जी आम्ही घरोघर ठेवून येतो. आवाज शांत होता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

तिने सांगितलं ते असं. फोन आला त्या संध्याकाळी मामांनी तिला समोर बसवून विचारलं होतं. ती नाही म्हणू शकली असती. पण ती म्हणाली, व्हय, मीच सांगितलं. का ते पण सांगितलं, गावाचं नाव चुकवल्याचं. मामा चिडले, पण उठून गेले नाहीत, आणि शेवटी म्हणाले, व्हय, चुकवलं व्हतं, म्या पण ऐकलं व्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा मामांनी तिचं एवढं बोलणं बसून ऐकलं होतं. ते उमरग्याला आले ते मत परत मागायलाच, तिला खोटं पाडायला नव्हे. आणि परत गेले ते हे घेऊन, की कागदावर काहीच नाही, सूनबाईंनी कुणाचं नाव घेतलंच नव्हतं. आता ते तिच्याशी बोलत नव्हते. त्यांना वाटत होतं, चार माणसांत हुशारी मिरवायला तिने ते सगळं रचलं.

“मी खरं बोलले व्हते, बाई,” ती म्हणाली. “तुमी मला खोटारडी केलं.”

मला माझी लाज वाटली, सरळ सांगते. कुणाला काही विचारायचंच नाही आणि त्याच्या भल्याचं आपणच ठरवायचं, हे मी पुढाऱ्यांबद्दल दहा जणांत बोलत आले होते. त्या पोरीला मी फोन करून एका शब्दाने विचारलं नव्हतं की खोडू का? विचारणं हाच ज्याचा धंदा, त्या माणसाने.

ऑफिसला फोन केला. म्हटलं, त्या फॉर्मची पहिली खूण खरी, दुसरी खोटी. तिकडून उत्तर आलं की त्या मतदारसंघाचं काम बंद झालं, आकडे वर गेले, आता एका फॉर्मसाठी कोण उघडणार? आणि एकच उत्तर दोनदा कसं बदललं, असंही विचारलं.

मग रविवारी मी त्या गावाला गेले. पिशवी नेली नाही. अण्णा ओट्यावर होते, ‘या’ म्हणाले नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगितलं, “अण्णा, मी तुमच्यासमोर खोटं बोलले. खूण चुकली नव्हती. तुमच्या सूनबाईंनी जे सांगितलं तेच मी आधी लिहिलं होतं. नंतर भिऊन खोडलं.”

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं आता मताचं काढतील, शब्दाचं काढतील. ते म्हणाले, “म्हंजी पोरगी खरं बोलली व्हती.”

“हो.”

“आठ-धा दिस झाले म्या तिच्या हातचं पानी मागितलं न्हाय.” मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, महादेवी, बाईंना चहा ठेव, आणि मला पण. नुसता चहाच मागितला होता, पण आत भांड्यांचा आवाज क्षणभर थांबल्याचं मला ऐकू आलं. पुढाऱ्याला दिलेल्या शब्दाचं त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. मतदानाच्या दिवशी त्या घरातल्या सात जणांनी काय दाबलं हेही मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असू नये.

महादेवीने चहा आणला. बशी माझ्या हातात देत तिने विचारलं, “कागद आणलाय का?”

मी म्हटलं, नाही. ते काम बंद झालं. ऑफिस आता घेत नाही.

“म्हंजी घरात मी खरी झाले,” ती म्हणाली, “पर तिकडं पुन्यात मला अजून सांगता येत न्हाय.”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?